'काक' टाकलं की कोकम येतंय: मराठी सर्च सजेशनचा परत परत येणारा घोळ आणि तो कसा निस्तरला

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एक जुनं दुकान आहे, गूळ, काकवी, चटणी, आजरा घनसाळ तांदूळ, मोरावळा असला सगळा माल आणि आता दोन वर्षांपासून चपला पण, त्यांची वेबसाइट मी सांभाळतो. मालकांना सगळे मामा म्हणतात म्हणून मी पण मामाच म्हणतो. सर्च बारमध्ये टाइप करायला लागलं की खाली नावं सुचवायची, लिहिताना चूक झाली तरी ओळखायची आणि नेहमीच्या गिऱ्हाईकाला त्याच्या सवयीचा माल वर दाखवायचा, एवढं काम होतं. मला वाटलेलं चार दिवसात होईल. झालं पण चार दिवसात, आणि त्यानंतर सहा महिने दर दोन-तीन आठवड्यांनी तेच दुखणं नव्या जागी वर यायचं. मी एक ठिकाणी बुजवायचो, दुसरीकडं फुटायचं. आता तीन महिने झाले शांत आहे म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण मराठी साइटवर हे करणाऱ्या प्रत्येकाला यातलं निम्मं तरी भेटणारच आहे आणि मला तेव्हा मराठीत कुठं काही लिहिलेलं सापडलं नव्हतं.

पहिला फोन मामांचाच. "बाळ, पुण्याच्या गिऱ्हाईकाचा फोन आलता, तुमच्याकडं काकवी मिळत नाही काय म्हणत्यात. परवाच शंभर बाटल्या भरून ठेवल्यात मी."

मी लगेच साइट उघडून टाइप केलं. 'काक' लिहिलं की खाली पाच नावं, कोकम सरबत, कोकम आगळ, सुकं कोकम, कुकीज आणि पाचवं पण कसलंतरी कोकमच. पूर्ण 'काकवी' लिहिलं की बरोबर यायचं, पण अर्धं लिहून लिस्टमध्ये दिसलं नाही की माणूस पुढं लिहीतच नाही, तो समजतो नाहीये. मी काय केलं तर काकवीचं वेट वाढवलं, म्हणजे सजेशनमध्ये तिला जास्त मार्क दिले. आली वर. खूश. दोन आठवड्यांनी परत फोन, आता 'कोक' लिहिलं की काकवी पहिली येत्या. मग कोकमचं वेट वाढवलं. मग 'मिर' लिहिलं की मिरचीच्या आधी मुरंबा आणि मोरावळा यायला लागले, हे आधीपासूनच होतं पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. वेट वाढवत बसणं हा यावरचा उपाय नव्हेच, हे समजायला मला दीड महिना लागला.

आता खरं कारण. मी इलास्टिकसर्च या तयार सर्च इंजिनातला कम्प्लीशन सजेस्टर वापरलेला, म्हणजे अर्धा शब्द लिहिला की नावं सुचवणारा भाग. तो फास्ट आहे, अक्षरागणिक उत्तर द्यायला तोच बरा. पण नावाच्या फील्डला तुम्ही ॲनालायझर, म्हणजे नावाचे तुकडे पाडणारा भाग, सांगितला नाही तर तो स्वतःहून 'सिंपल' नावाचा ॲनालायझर लावतो, आणि हा सिंपल जे 'अक्षर' नाही तिथं शब्द तोडतो. इंग्रजीत ठीक आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणारं स्टँडर्ड, त्याच्या हिशेबात मात्र आपली वेलांटी, उकार, काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण यातलं काहीच 'अक्षर' नाही, त्या सगळ्या नुसत्या जोडखुणा. म्हणजे काकवीतला काना आला की तुटलं, पुढं 'कव' राहिलं, वेलांटी पडली. काकवीचे झाले दोन तुकडे, 'क' आणि 'कव'. कोकमचे 'क' आणि 'कम'. आता 'काक' लिहिलं तर त्याचे 'क' आणि 'क', आणि ते दोघांच्याही सुरुवातीला बसतं. मिरचीचं 'म' आणि 'रच', मुरंब्याचं 'म', 'र', 'ब', मोरावळ्याचं 'म', 'र', 'वळ'. सगळ्या काना-मात्रा उडाल्यावर मराठीत उरतं काय.

हे बघायला इलास्टिकसर्चमध्येच ॲनालाइझ नावाची सोय आहे, शब्द दिला की त्याचे तुकडे कसे पडतात ते दाखवते. मी ती सगळ्यात शेवटी वापरली, खरंतर पहिल्या दिवशी वापरायला पाहिजे होती. तुमच्याकडं कुठलंही सर्च इंजिन असू दे, पहिलं काम हेच करा, तुमच्या मालातली दहा मराठी नावं घ्या, जोडाक्षरं असलेली, अनुस्वार असलेली, आणि आत गेल्यावर त्यांचं काय होतंय ते डोळ्यांनी बघा. हाच प्रकार जावास्क्रिप्टमध्ये पण होतो, रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रात, 'शब्दातलं अक्षर' म्हणून जी छोटी खूण सगळे वापरतात ती फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखते, देवनागरी सगळी साफ. तिथं युनिकोडवाला फ्लॅग लावून अक्षरं आणि जोडखुणा दोन्ही सांगाव्या लागतात, नुसती अक्षरं सांगितली तर परत मात्रा उडतात.

उपाय सोपा होता, स्टँडर्ड टोकनायझर (शब्द तोडणारा भाग) लावायचा, तो मात्रांना शब्दातच ठेवतो. फक्त लक्षात ठेवा, चालू फील्डचा ॲनालायझर बदलता येत नाही, नवा इंडेक्स (इंजिनची शोधायची यादी) करून सगळा माल परत भरावा लागतो. सहाशे-सातशे वस्तूंना मिनिटभर लागतं, काही विशेष नाही.

हे केलं आणि काकवी-कोकम सुटले. पण आता 'गुळ' लिहिणाऱ्याला गूळ मिळेना! आधी मात्राच उडत होत्या म्हणून गुळ आणि गूळ दोन्ही 'ग', 'ळ' होऊन आपोआप जुळत होते. मात्रा परत आल्या आणि ते तुटलं. मामांनी सांगितलं, "आधीचंच बरं होतं की." त्यांचं पण बरोबर आहे, गुळाच्या दुकानात गूळ सापडत नाही म्हणजे काय राहिलं.

मग मी फझी चालू केलं, म्हणजे एक-दोन अक्षरांचा फरक चालवून घ्यायचा. यामागचं गणित जुनं आहे, लेव्हेनश्टाइननं १९६५ मध्ये मांडलेलं, एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ ला, दामेरोनं लिहिलेलं की टायपिंगच्या ८० टक्क्यांहून जास्त चुका एकाच जागच्या असतात, एक अक्षर राहिलं, एक जादा पडलं, एक चुकलं किंवा शेजारची दोन उलटी पडली. भडंगचं 'भंडग' होतं बघा, अनुस्वार एक घर अलीकडं, ही ती शेवटची जात. आमच्याकडं ही चूक रोज असते.

तर मी फझीनेस २ ठेवलं आणि घोळ अजून वाढला. 'क' एक अक्षर टाकलं तरी खाली साज, चप्पल, पेढे, काहीही. आणि दुसरीकडं 'मरची' लिहिलं तर मिरची येईना. म्हणजे जिथं ढील नको तिथं देतंय, जिथं पाहिजे तिथं नाही. याच्यात मी एक अख्खा शनिवार-रविवार घालवला.

कारण सापडलं ते असं. कम्प्लीशन सजेस्टरच्या फझीमध्ये 'युनिकोड अवेअर' म्हणून एक सेटिंग आहे आणि ते मुळात बंद असतं, वेग थोडा वाढतो म्हणून. बंद असलं की तो अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो, म्हणजे अक्षर साठवायला लागणारे तुकडे. इंग्रजी अक्षर एका बाइटचं त्यामुळं तिकडं कुणाला फरक पडत नाही. देवनागरीतली प्रत्येक खूण यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइटची. आता बघा काय होतं. फझी किमान ३ लांबीनंतर लागू होतं, ते ३ बाइट म्हणजे आपलं एकच अक्षर. पहिलं १ जसंच्या तसं जुळलं पाहिजे अशी अट आहे, पण तो पहिला बाइट सगळ्या देवनागरीचा एकच असतो. उरले दोन बाइट, आणि मी दोन चुका चालतील म्हणून सांगून बसलोय! म्हणजे 'क' ला अख्खी देवनागरी चालते. उलट 'मरची' चं 'मिरची' करायला एक वेलांटी घालायची, ते झाले ३ बाइट, २ मध्ये कसं बसणार.

आणखी एक गंमतीशीर गोष्ट दिसली, मी वहीवर मांडून बघितली तेव्हा पटली. पहिला उकार आणि दुसरा उकार यांच्यात फरक फक्त शेवटच्या बाइटचा, पण पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांच्यात दोन बाइटचा फरक. कारण युनिकोडच्या तक्त्यात पहिली वेलांटी ०९३एफ वर आणि दुसरी ०९४० वर, शेजारी शेजारी आहेत पण मधून चौसष्टच्या गटाची हद्द जाते. म्हणून फझीनेस १ ठेवलं तेव्हा 'गुळ' ला गूळ मिळायचा आणि 'मीरची' ला मिरची मिळायची नाही. तीच चूक, उकाराला माफ, वेलांटीला नाही.

युनिकोड अवेअर चालू केलं, फझीनेस १ वर आणलं, किमान लांबी ४ केली. बाइटचा विषय संपला.

पण इथंच थांबू नका. फझी हा शेवटचा इलाज आहे, पहिला नव्हे, आणि माझं सगळ्यात मोठं चुकलं ते इथंच. गूळ आणि गुळ याला मी 'टायपो' समजत होतो. ही चूक नव्हेच. शहराचं नाव कोल्हापूर, दुसरा उकार. चप्पल कोल्हापुरी, पहिला उकार. दोन्ही शुद्ध! माणूस 'कोल्हापू' पर्यंत बरोबर लिहितो आणि 'कोल्हापुरी चप्पल' त्याला सुचवली जात नाही, कारण मराठीत शब्दाला काही जोडलं की मागचा उकार-वेलांटी र्‍हस्व होते. गूळ पण गुळाची ढेप. लसूण पण लसणाची चटणी, तिथं तर उकार गायबच. इंग्रजीत शब्दाची सुरुवात शक्यतो तशीच राहते म्हणून सुरुवात जुळवायची ही पद्धत तिकडं जमते, आपल्याकडं सुरुवातच हलते. ह्याला चुकांच्या कोट्यातून सूट द्यायला लागलो तर खऱ्या चुकेसाठी शिल्लक राहत नाही, आणि 'गूळ' सारख्या तीन खुणांच्या शब्दाला एक चूक माफ केली की गाळ, गोळा, गोळी सगळे आत येतात.

म्हणून आधी चाळण लावायची. माल भरताना नाव ज्या चाळणीतून जाईल त्याच चाळणीतून गिऱ्हाईकानं टाइप केलेलं पण जाईल, आणि मगच जुळवायचं. इलास्टिकसर्चमध्ये मराठीसाठी वेगळी अशी तयार चाळण मी वापरली नाही, पण हिंदीचा नॉर्मलायझेशन फिल्टर आपल्याला चांगला चालतो. तो दुसऱ्या वेलांटीची पहिली करतो, दुसऱ्या उकाराचा पहिला, चंद्रबिंदूचा अनुस्वार, पाय मोडलेल्या न चा पण अनुस्वार, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) काढतो, पाय मोडायची खूण काढतो, न दिसणारे जोडणारे कॅरेक्टर काढतो. म्हणजे आता चप्पलचं आत 'चपपल' होतं आणि 'चपल' त्याच्यापासून एकाच अक्षरावर राहतं, पण ते तीनच खुणांचं म्हणून तिथं फझी लागत नाही, ते रूप हातानं घालायचं. कांदा आणि कान्दा एक. त्याच्या आधी इंडिक नॉर्मलायझेशन आणि आकड्यांचा फिल्टर पण लावा, नाहीतर '१ किलो' मराठी आकड्यात लिहिणारा आणि इंग्रजी आकड्यात लिहिणारा दोन वेगळी माणसं होतात. फक्त हिंदीचा स्टेमर लावू नका, तो शब्दाची शेपटी हिंदीच्या हिशेबानं कापतो, मराठीची वाट लागते.

या चाळणीची किंमत आहे. ती सुरुवातीच्या आ चा अ करते, मग 'आंबा' लिहिलं की अंबाडी पण येते. म्हणून मी इंजिनकडून पाच ऐवजी वीस नावं मागवतो आणि आपल्या कोडमध्ये क्रम लावतो. जे जसंच्या तसं जुळलं ते पहिल्या पायरीवर, चाळणीनंतर जुळलं ते दुसऱ्या, फझीनं जुळलं ते तिसऱ्या. पायऱ्यांची अदलाबदल कधीच नाही. याच्यावर पुढं परत येतो, पर्सनलायझेशनचा जीव इथंच आहे.

लसूण-लसण सारखे शब्द चाळणीत बसत नाहीत, तिथं मी हातानं दोन्ही रूपं घातली, एका वस्तूला अनेक इनपुट, म्हणजे जुळवायची नावं, देता येतात. 'कोल्हापुरी चप्पल' ला नुसतं 'चप्पल' हे पण इनपुट द्या, कारण हा सजेस्टर फक्त सुरुवातीपासून जुळवतो. पायतान लिहिणारे आहेत, पायताण लिहिणारे आहेत, दोन्ही घाला. कापशी, पुकरी, बक्कलनाळी ही चपलांच्या प्रकारांची नावं माहीत असलेला गिऱ्हाईक थेट तेच टाकतो. ब्याडगी मिरचीचं तर विचारू नका, बेडगी, ब्याडगे, बॅडगी, मी शोधांच्या लॉगमधून सगळी काढून घातली. आणि इंग्रजी अक्षरात मराठी लिहिणारे अर्ध्याच्या आसपास आहेत आमच्याकडं, गूळ म्हणून जी-यू-एल किंवा डबल ओ घालून. त्यांच्यासाठी पण रूपं घालून ठेवली. सहाशे वस्तूंसाठी यंत्राच्या मागं लागण्यापेक्षा दुकानातल्या ताईंबरोबर दोन दुपारी बसून यादी केली ते जास्त उपयोगी पडलं, कारण गिऱ्हाईक फोनवर कुठल्या वस्तूला काय म्हणतंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. त्यांनीच सांगितलं की बाहेरगावचे 'कांदा लसूण मसाला' म्हणतात आणि आपल्याकडं त्यालाच 'चटणी' म्हणतात. हे कुठल्याही अल्गोरिदमला कळणार नव्हतं.

आता जे दुखणं सगळ्यात जास्त वेळा परत आलं ते. साताऱ्याचे कंदी पेढे सजेशनमध्ये दिसायचे, त्याच्यावर क्लिक केलं की पुढच्या पानावर 'काही सापडलं नाही'. मी डेटाबेसमध्ये बघायचो तर नाव तिथंच, अक्षर न अक्षर तेच. स्क्रिप्ट लिहून सगळी नावं साफ केली, चालू झालं. तीन आठवड्यांनी परत. परत स्क्रिप्ट. परत चालू. असं चार वेळा.

साताऱ्यामधला ऱ्य दोन पद्धतीनं लिहिला जातो. एक, ऱ हे वेगळं कॅरेक्टर, ०९३१, त्याला पाय मोडायची खूण आणि य. दुसरी, साधा र, पाय मोडायची खूण, मग झिरो विड्थ जॉइनर म्हणजे न दिसणारं एक कॅरेक्टर, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचं स्टँडर्ड नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही, मी आधी त्याच्यावरच विसंबलो होतो. तीच गत ॲ ची, काहीजणांकडं ते एक कॅरेक्टर असतं, जे २००८ मध्ये युनिकोड ५.१ ला आलं, आणि काहीजणांकडं अ वर चंद्र ठेवून दोन. ताई कॉम्प्युटरवर माल भरायच्या, मामांचा मुलगा फोनवरनं भरायचा, दोघांचे कीबोर्ड वेगळे. सजेशन चाळणीतून जात होतं म्हणून तिथं सापडायचं, पण क्लिकनंतरचं पान थेट डेटाबेसमध्ये नावावरनं शोधत होतं, तिथं चाळण नव्हती. आणि माझी स्क्रिप्ट एकदा चालवून झाली की नंतर भरलेला माल परत दोन तऱ्हेचा व्हायचा. नवीन माल आला की दुखणं परत.

तीन गोष्टी केल्या तेव्हा थांबलं. सजेशनवर क्लिक झालं की नाव न पाठवता वस्तूचा नंबर पाठवायचा, हे तर पहिल्यापासूनच करायला हवं होतं. दुसरं, माल सेव्ह होतानाच नाव एका फंक्शनमधून जाणार, जॉइनरवाला र असेल तर ऱ करणार, अ वरचा चंद्र एकत्र करणार, जादा स्पेस काढणार. तिसरं, शोधायसाठी वेगळा कॉलम, त्यात चाळलेलं रूप, दाखवायला मूळ नाव. दाखवायचं नाव कधी बिघडवू नका, गिऱ्हाईकाला 'कोलहापुरि' दिसलं तर दुकानाची अब्रू जाते.

पुढच्या बाजूचं पण थोडं सांगतो. माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट आणि लोकांच्या फोनवर स्पेस दाबल्याशिवाय लिस्टच येत नाही, असा प्रकार झाला. अँड्रॉइडचा कीबोर्ड शब्द पूर्ण होईपर्यंत 'कम्पोझिशन चालू आहे' असं सांगत राहतो, आणि काही फ्रेमवर्क तोपर्यंत व्हॅल्यू पुढं पाठवतच नाहीत, व्ह्यू (Vue) नावाच्या फ्रेमवर्कचं व्ही-मॉडेल त्यातलंच. त्याच्याऐवजी थेट इनपुट इव्हेंट ऐकायचा. कीअपवर, म्हणजे की सुटल्याच्या इव्हेंटवर, तर मुळीच विसंबू नका, फोनवर तिथं कुठली की दाबली ते नीट कळतच नाही. दुसरं, 'चट' ची रिक्वेस्ट हळू आणि 'चटणी' ची जोरात गेली तर उत्तरं उलटी येतात आणि जुनी लिस्ट नवीवर बसते, मोबाइल डेटावर हे हमखास होतं. नवीन रिक्वेस्ट टाकताना जुनी रद्द करा. मी टायपिंग थांबल्यावर दोनशे मिलिसेकंद थांबून पाठवतो. आणि जुळलेला भाग ठळक करताना अक्षर आणि त्याची मात्रा यांच्यामध्ये टॅग घुसवू नका, मात्रा तुटून टिंबाटिंबांच्या वर्तुळावर लटकते, ब्राउझरमध्ये सेगमेंटर आहे, तो अख्खं जोडाक्षर कुठं संपतं ते सांगतो.

आता पर्सनल सजेशन. हे नुसतं शोभेचं काम नाही, आमच्या दुकानाला खरंच गरज आहे, त्याचं उदाहरण म्हणजे 'रवा'. कोल्हापूरच्या माणसाचा रवा म्हणजे गुळाचा रवा, ढेप. पुण्या-मुंबईच्या माणसाला उपम्याचा रवा पाहिजे, आमच्याकडं खपली गव्हाचा आहे. दोघांनी तीच दोन अक्षरं लिहिली. दोघांच्या मागच्या खरेदीवरनं क्रम ठरला तरच दोघं खूश.

पहिल्या प्रयत्नात मी काय केलं, माणसानं आधी घेतलेल्या वस्तूचे मार्क सरळ वाढवले. एका गिऱ्हाईकानं तीनदा चप्पल घेतलेली, त्यांनी 'चटणी' लिहायला घेतलं, 'चट' ला फझी लावलं की 'चप' एका अक्षरावर, वर खरेदीचे मार्क, चप्पल पहिली. चटणी लिहिणाऱ्याला चप्पल. म्हणून त्या पायऱ्या. पर्सनल मार्क फक्त एका पायरीच्या आत क्रम बदलतील, खालच्या पायरीवरचं उचलून वर आणणार नाहीत. आणि फझी तर चार खुणांच्या आत चालूच होत नाही. मार्क पण कायमचे नाहीत, तीस दिवसांनी निम्मे होतात, नाहीतर दिवाळीला घेतलेलं उटणं उन्हाळ्यातपण वर बसून राहतं. नवीन माणसाला जे सगळ्यांचं चालतं ते दाखवायचं, पाचातल्या दोनच जागा पर्सनलला ठेवायच्या. हा आकडा माझा अंदाज आहे, तुमच्या दुकानाप्रमाणं बदला.

यातली एक चूक मात्र मला आजही लागते. वेग वाढावा म्हणून सर्व्हरच्या पुढं कॅशे, म्हणजे तयार उत्तरांचा साठा, लावलेली आणि ती फक्त रिक्वेस्टचा वेबपत्ता (यूआरएल) बघून उत्तर साठवत होती, माणूस कोण ते बघत नव्हती. एका बाईंनी नुकताच साज घेतलेला, त्यांनी 'स' लिहिलं, त्यांच्यासाठी तयार झालेली लिस्ट साठली आणि पुढचा तासभर 'स' लिहिणाऱ्या प्रत्येकाला साज पहिला दिसत होता. नाव-गाव काही दिसलं नाही, पण दुसऱ्याच्या खरेदीची सावली तिसऱ्याच्या पडद्यावर पडली. हे आपल्या हातून होता कामा नये. आता सगळ्यांसाठीची लिस्ट वेगळी येते, तीच कॅशेत जाते, आणि क्रम गिऱ्हाईकाच्या ब्राउझरमध्येच लागतो, त्यानं निवडलेल्या शेवटच्या वीस वस्तू तिथंच राहतात, सर्व्हरवर येतच नाहीत. लॉगआउट केलं की पुसायच्या. लिस्टच्या खाली 'माझा इतिहास पुसा' ठेवलंय, फोन घरात चौघांत फिरतो, भेट म्हणून घेतलेली वस्तू ज्याला द्यायची त्यालाच सर्च बारमध्ये दिसली तर काय उपयोग. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पण झालाय, पण कायदा नसता तरी हे करायलाच पाहिजे होतं.

एक राहिलं, लोकांनी जे शोधलं तेच सजेशन म्हणून परत दाखवायचा मोह होतो, मी केलेलं. मग लोकांच्या चुका सजेशन म्हणून छापून यायला लागल्या, 'भंडग' सगळ्यांना. आता ज्या शोधाला निकाल मिळाला, आणि तो पाच वेगवेगळ्या माणसांनी केला, तोच आत येतो, आणि तो पण वस्तूच्या खऱ्या नावाला जोडूनच.

परत दुखणं वर आलं तर कळावं म्हणून एक साधी फाइल ठेवलीय. एका बाजूला लोक काय लिहितात, दुसऱ्या बाजूला पहिल्या तीनात काय आलं पाहिजे. 'काक' ला काकवी, 'कोक' ला कोकम, 'कोल्हापू' ला कोल्हापुरी चप्पल, 'मीरची', 'चपल', 'भंडग', दोन्ही तऱ्हेचे साताऱ्याचे पेढे. साठेक ओळी झाल्यात. काहीही बदललं की ही फाइल चालवल्याशिवाय साइटवर चढवत नाही, आणि दर सोमवारी निकाल न मिळालेले शोध काढून ताईंना दाखवतो. या सोमवारी त्यात 'गुळपावडर' जोडून लिहिलेलं अकरा वेळा होतं, आमच्याकडं ते 'गूळ पावडर' असं सुटं आहे. स्पेस काढलेलं रूप पण इनपुटमध्ये घातलं, फाइलमध्ये एक ओळ वाढली.